कोणता टप्पा सुखाचा? एसटीच्या तिकिटावरून केलेलं परीक्षण

एसटीच्या भाषेत टप्पा म्हणजे सहा किलोमीटर. भाडं या टप्प्यावर ठरतं. २५ जानेवारी २०२५ पासून साध्या गाडीचा टप्पा १० रुपये ५ पैशांचा आहे. त्यावर १ रुपया अपघात सहायता निधी चढतो, म्हणून जवळात जवळचं तिकीट ११ रुपयांचं. टप्पा अर्धा राहिला तरी पुरा धरतात. मधल्या फाट्यावर उतरणाऱ्याला पुढच्या थांब्याचं तिकीट का फाडलं, याचं उत्तर एवढंच.

दुसरा टप्पा वयाचा. एकाच बाकावर तिघे बसलेत, तिघांनाही एकाच गावाला जायचंय, पण मशीनमधून निघालेली तिकिटं तीन निराळ्या रकमांची असू शकतात. आयुष्यातला सुखाचा काळ कोणता, हा वाद पारावर कधी मिटलेला नाही. एसटीपुरता मात्र तो मिटवता येतो, कारण १ जून १९४८ ला पुणे-नगर मार्गावर सुरू झालेल्या या सेवेत आज जवळपास प्रत्येक वयाचा दर ठरलेला आहे. तेव्हा हे परीक्षण लालपरीचं नेहमीच्या पद्धतीचं नाही. कोणत्या वयात ती सर्वांत जास्त परवडते आणि सोसवते, एवढंच पाहायचंय.

पाच वर्षांच्या आत तिकीट नाही. सीटही नाही, मांडी हीच जागा. पाच ते बारा अर्धं तिकीट. इथे होणारी कटकट एकच: पोर अंगापिंडाने थोराड असलं की कंडक्टर वय विचारतो आणि आई 'अजून पाच पुरं नाही' म्हणते. मुलाच्या आधारचा फोटो मोबाईलमध्ये असला की हा संवाद दोन वाक्यांत संपतो. खिडकी मात्र याच वयाला मिळते, तीही भांडून नाही, हक्काने.

मग शाळा-कॉलेजचा पास. इथे थोडं थांबायला हवं, कारण एसटीतलं सगळ्यात जास्त गणित याच वयात आहे. विद्यार्थ्याच्या मासिक पासात ६६.६७ टक्के सवलत आहे. म्हणजे दहा दिवसांच्या जाण्यायेण्याचे पैसे भरायचे आणि तीस दिवस फिरायचं. गाव ते कॉलेज १८ किलोमीटर असेल तर तीन टप्पे, एका वेळचे साधारण ३० रुपये. वीस फेऱ्यांचे सुमारे ६०० भरले की महिना निघतो. सुटी तिकिटं काढत बसलं तर तीसही दिवसांचे अठराशे होतात. मुलींना बारावीपर्यंत अहिल्यादेवी होळकर योजनेत पास पूर्ण मोफत आहे. २०२४ च्या जूनपासून हे पास शाळेतच मिळण्याची सोय झाली: शाळेने यादी द्यायची, आगाराने पास पोचवायचे. त्याआधी पाससाठी आगारात रांग लावायची म्हणजे एक तास तरी बुडायचा.

पास काढताना दोन चुका हमखास होतात. पहिली तारखेची. पासाचे दिवस सलग मोजतात, रविवार आणि सुट्ट्या धरून. दिवाळीच्या सुट्टीआधी आठ दिवस पास काढला तर बाकीचे दिवस घरात पडून संपतात. अशा वेळी ते आठ दिवस सुटी तिकिटं काढावीत आणि पास कॉलेज उघडल्यावर काढावा. दुसरी चूक मार्गाची. पास घर ते शाळा एवढ्याच मार्गाचा असतो. मामाच्या गावाला त्यावर जाता येत नाही.

बारावीनंतर मुलीचा मोफत पास संपतो. आता तिच्यापुढे दोन वाटा असतात: विद्यार्थी पास, नाहीतर १७ मार्च २०२३ पासून सगळ्या महिलांना मिळणारं निम्मं तिकीट. हिशेब असा. पास म्हणजे महिन्याची वीस पूर्ण तिकिटं. निम्म्या दराने जायचं तर रोजच्या दोन फेऱ्या मिळून एक पूर्ण तिकीट. म्हणजे वीस दिवसांना दोन्ही सारखेच पडतात, आणि प्रत्येक सुट्या तिकिटावर निधीचा रुपया द्यावा लागतो तो धरला तर त्याच्याही आधी. महिन्यातले अठराच दिवस तास होणार असतील तर पासच्या भानगडीत पडू नये. रोज जाणारीने पासच काढावा.

पैशाने पाहिलं तर अकरावी-बारावीतल्या मुलीचं वय सर्वांत स्वस्त, आणि गाडी दिसल्यावर धावायला पायही तिचेच. पण तिची अडचण वेळापत्रकाची आहे. तास साडेबाराला सुटतो आणि गावाकडची गाडी बाराला गेलेली असते. पुढची येते ती भरून, आणि भरलेली गाडी फाट्यावर थांबत नाही. शाळेने आगाराला लेखी पत्र देऊन वेळ बदलून मागणं हा यावर सगळ्यात लागू पडणारा उपाय. एकट्यादुकट्या पालकाच्या अर्जापेक्षा मुख्याध्यापकाच्या सहीशिक्क्याला वजन असतं. सोबत किती मुलं त्या गाडीने जातात याची यादी जोडावी.

आता पूर्ण तिकीटवाले. शिक्षण संपल्यापासून पासष्टीपर्यंतचा पुरुष, म्हणजे चाळीसेक वर्षं. या माणसासाठी एसटीकडे सवलत म्हणावी असं फार काही नाही, पण जे आहे ते बहुतेकांना ठाऊक नसतं. मासिक पासात २० दिवसांचे पैसे भरून ३० दिवस फिरता येतं, त्रैमासिकात ५० दिवसांचे भरून ९० दिवस. महिन्यात २१ व्या दिवशी मासिक पास फायद्यात येतो, तर त्रैमासिक महिन्याला सरासरी सतराच दिवस प्रवास झाला तरी वसूल होतो. नोकरी पक्की आणि जागा तीच असेल तर मासिक काढायचं कारणच नाही. तरीही बहुतेक जण मासिकच काढतात, कारण तीन महिन्यांचे पैसे एकरकमी हातात नसतात. शिवाय १ जुलै २०२५ पासून १५० किलोमीटरच्या वरच्या प्रवासाचं आगाऊ आरक्षण केलं तर पूर्ण तिकिटावर १५ टक्के सूट आहे. दिवाळी आणि उन्हाळी सुट्टीची गर्दी सोडून. ही सूट पूर्ण तिकीटवाल्यांनाच आहे, आधीपासून सवलत असणाऱ्यांना नाही. चाळीस वर्षांत एवढी एक गोष्ट खास याच्यासाठी. भटकायची हौस असेल तर 'आवडेल तेथे प्रवास'चा चार किंवा सात दिवसांचा पास घ्यावा, पण तो वसूल व्हायचा तर रोज लांबचा पल्ला मारायला हवा. दोन दिवस पाहुण्यांकडे मुक्काम ठोकला की गेला तोट्यात.

नोकरदार बाईने साधा मासिक पास काढू नये. पास म्हणजे ४० पूर्ण तिकिटं. निम्म्या दराने २६ दिवस जाऊनयेऊन २६ पूर्ण तिकिटांएवढेच पैसे होतात. त्रैमासिकाशी ताडून पाहिलं तरी सुटं निम्मं तिकीटच स्वस्त. सूट मूळ भाड्यावर आहे, निधीचा रुपया आणि वातानुकूलित गाडीचा जीएसटी पुरा लागतो. म्हणून पहिल्या टप्प्याचं निम्मं तिकीट साडेपाच नाही, सहा रुपये होतं. पर्समध्ये रुपयाची नाणी ठेवावीत, नाहीतर मशीनवर यूपीआयने द्यावेत. सुट्या पैशांवरून जेवढी भांडणं गाडीत होतात तेवढी जागेवरूनही होत नाहीत.

आता उतारवय. ६५ ते ७५ निम्मं तिकीट. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढे अमृत ज्येष्ठ नागरिक योजनेत फुकट. रेल्वेने मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची सवलत बंद केली. त्याआधी साठीच्या पुरुषाला ४० टक्के आणि अठ्ठावन्नच्या बाईला ५० टक्के सूट होती. त्यामुळे जिथे रेल्वेही जाते आणि एसटीही, तिथले म्हातारेकोतारे आता स्टँडवर जास्त दिसले तर नवल नाही.

जोडप्याचा हिशेब मांडला की टप्पे नीट दिसतात. साठ किलोमीटर, म्हणजे दहा टप्पे, साध्या गाडीने. तो ६४ चा, ती ६० ची: त्याचे शंभर, तिचे पन्नास, मिळून दीडशेच्या आसपास. दोन वर्षांनी तो ६६ चा झाला की दोघांचे मिळून शंभर. तो ७६ आणि ती ७२ झाली की फक्त तिचे पन्नास. कागदावर हा उतार फार सुंदर आहे.

गाडीत तसं नाही. लालपरीची पहिली पायरी जमिनीपासून चांगली उंच असते. फलाटाला लागलेल्या गाडीत चढताना एक हात दांडीला लागतो, आणि दुसऱ्या हातात पिशवी असली तर पंचाईत होते. पंच्याहत्तरीनंतरच्या माणसाने पिशवी आधी आत द्यावी, मग दोन्ही हातांनी धरून चढावं. उतरताना तोंड गाडीकडे ठेवून उलटं उतरणं जास्त सुरक्षित. जागा निवडायची तर पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली. मागच्या चाकावरची आणि त्यामागची सीट खड्ड्यात उडते, कारण चाकाच्या मागे गाडीचा बराच भाग नुसता लोंबत असतो. कंबर धरलेल्या माणसाला शेवटच्या बाकावर बसवणं म्हणजे शिक्षाच. खिडकीवर 'ज्येष्ठ नागरिक' लिहिलेलं असतं, पण आरक्षण नसलेल्या गाडीत रुमाल आधी पडतो आणि अक्षरं मग वाचली जातात. लांबच्या प्रवासाला आगाऊ आरक्षण करावं. पंच्याहत्तरीवाल्यालाही ते करता येतं, फक्त प्रवासात ओळखपत्र जवळ हवं.

ओळखपत्राचीच गोची सगळ्यात मोठी. खेड्यातल्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे आणि वर्ष कुणीतरी अंदाजाने टाकलंय. माणूस खरा अठ्ठ्याहत्तरचा आणि कार्डावर बहात्तरचा असला तर कंडक्टर कार्डावरचंच वय मानणार, आणि ते बरोबरच आहे. आधारवरची जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलून मिळते, म्हणून ती संधी अंदाजपंचे घालवू नये. जन्माचा दाखला किंवा पासपोर्टसारखा पक्का पुरावा हातात घेऊनच केंद्रावर जावं.

फुकट प्रवासालाही तिकीट असतंच, शून्य रुपयाचं. अनेक आजोबा 'मला कशाला तिकीट' म्हणून हात हलवतात. ते घ्यावंच. त्या शून्याच्या तिकिटावरूनच सवलतीची रक्कम सरकारकडून महामंडळाला मिळायची असते, आणि तपासणीस चढला तर हातात काही दाखवायला हवं. चष्म्याच्या डबीत घडी घालून ठेवलं की हरवत नाही.

यातून निवडायचं झालं तर आमचं मत ६५ ते ७५ च्या टप्प्याला. फुकट नाही हे खरं, पण तिकीट निम्मं झालंय, ऑफिस सुटलंय, पायरी अजून एकट्याने चढता येते, आणि पासासारखं एकाच मार्गाला बांधलेलं नाही. अकरावीतली मुलगी फुकट जाते, पण कॉलेजलाच. पंच्याहत्तरीतले आजोबा कुठेही फुकट जातात, पण बरोबर कुणीतरी लागतं आणि त्या कुणीतरीचं तिकीट बहुधा पूर्ण असतं. मुलगा सोबत आला तर तो चाळिशीतला, म्हणजे शंभर रुपये. सून आली तर पन्नास. सोबतीला कोणाला न्यायचं हे पुष्कळ घरांत यावरूनही ठरतं.

एवढं सगळं राज्याच्या हद्दीतलं. सावंतवाडीहून पणजीच्या गाडीत बसलेल्या शहात्तर वर्षांच्या माणसाचं तिकीट बांद्यापुढे पत्रादेवीच्या सीमेपर्यंत शून्य, आणि तिथून पणजीपर्यंतचे टप्पे पुऱ्या दराने. अडुसष्टवाल्याचंही तेच: सीमेपर्यंत निम्मे, पुढे पूर्ण. पणजीला जाणाऱ्या ज्येष्ठांनी पुढच्या टप्प्यांचे पैसे वरच्या खिशात वेगळे ठेवावेत. पत्रादेवी ओलांडली की तेही पुन्हा चाळिशीतल्या माणसाएवढंच भाडं भरतात.