नंबर तोच, तक्त्यावरच्या दोन ओळी जास्त

माझा डावा डोळा लहानपणापासून ‘आळशी’. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत बराच फरक होता आणि तो लक्षात आला तोवर उशीर झाला होता. डाव्या डोळ्याकडून येणारं धूसर चित्र मेंदूने केव्हाच बाजूला टाकलं होतं. पुढे ज्या ज्या वेळी डोळे तपासले त्या त्या वेळी हेच ऐकलं की चांगल्या डोळ्यावर पट्टी लावून आळशी डोळ्याला कामाला लावायचं वय गेलं, आता काही होणार नाही. त्यामुळे मोठ्या माणसांची मंददृष्टीही (म्हणजे हाच आळशी डोळा) सुधारते म्हणणारं हे संगणकावरचं प्रशिक्षण मी घेतलं ते संशय पोटात ठेवूनच. आता बरेच महिने झालेत, तेव्हा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी चष्म्याचं सांगून टाकते, कारण तोच प्रश्न सगळे विचारतात. चष्मा जात नाही. बुबुळाचा बाक, भिंग, डोळ्याची लांबी यांतलं काहीही या व्यायामाने हलत नाही. माझा नंबर सुरुवातीला होता तोच आज आहे आणि सरावही चष्मा लावूनच करायचा असतो. बदल होतो तो डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या दृष्टिकेंद्रात. डोळ्याने पाठवलेल्या चित्रातून मेंदू किती माहिती उचलतो, एवढंच यात सुधारायचं असतं. ‘चष्म्याला कायमची सुट्टी’ अशी जाहिरात दिसली की मी तिथेच थांबते.

सराव असा. अंधारी खोली, चांगल्या डोळ्यावर झाकण, स्क्रीन साधारण दीड मीटर लांब. करड्या पार्श्वभूमीवर कडांना विरघळत गेलेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा एक गोल ठिपका क्षणभर चमकतो. याला गॅबर पॅच म्हणतात. होलोग्राफीसाठी १९७१चं नोबेल मिळालेल्या डेनिस गॅबर यांच्यावरून हे नाव पडलं. असे दोन ठळक ठिपके वर-खाली असतात आणि त्यांच्या मधोमध एक अगदी पुसट ठिपका कधी असतो, कधी नसतो. लागोपाठ दोन झलका दाखवतात, मधला ठिपका पहिल्या झलकेत होता की दुसऱ्या, ते माउसने सांगायचं. बरोबर येत गेलं की तो आणखी पुसट होतो, चुकलं की जरा ठळक. म्हणजे तुम्ही सतत ‘दिसलं की भास झाला’ याच्या सीमेवर बसलेले असता.

पट्टेच का, तर दृष्टिकेंद्रातल्या पेशी ठरावीक दिशेच्या रेघांना प्रतिसाद देतात. ह्यूबेल आणि वीझल या मेंदू-संशोधकांनी हे मांजरांवर दाखवलं, १९८१च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा दृष्टीवरच्या अशाच कामासाठी होता. लहानपणी एक डोळा झाकला गेला तर मेंदूतली त्याची जागा दुसरा डोळा बळकावतो, हेही त्यांचंच काम. ‘आता वय गेलं’ या वाक्याचा उगम तिथे आहे. त्याला छेद देणारं काम नंतर आलं. संशोधक उरी पोलाट आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रौढ मंददृष्टीत अशाच सरावाने कॉन्ट्रास्ट (फिकट-गडद यांतला फरक) ओळखण्यात आणि अक्षरं वाचण्यात सुधारणा झाल्याचं मांडलं.

कंटाळा मात्र प्रचंड. खेळासारखं वाटेल असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. ठिपके, ठिपके आणि ठिपके. झोप अपुरी झाली असेल तर आकडे सरळ घसरतात, म्हणून मी रात्री बसणं सोडून सकाळची वेळ धरली आणि फरक लगेच जाणवला.

आता विजेचं. सुरुवातीचा टप्पा मी देखरेखीखाली केला, तेव्हा सरावासोबत डोक्याला अतिशय सौम्य प्रवाह देत. मिठाच्या पाण्यात भिजवलेले स्पंजचे दोन इलेक्ट्रोड, एक डोक्याच्या मागे दृष्टिकेंद्रावर, दुसरा माथ्यावर. प्रवाह जेमतेम एक-दीड मिलिअँपिअर, पण त्याची वारंवारता सारखी यादृच्छिक बदलत राहते. धक्का वगैरे काही नाही. खरं तर चालू आहे की बंद, हेच कळत नाही. मानेवरून ओघळणारं खारट पाणी आणि नंतर केस धुणं, त्रास म्हणावा तर एवढाच. इटलीतल्या पादुआ विद्यापीठाच्या जानलुका कांपाना यांच्या गटाने २०१४ मध्ये मंददृष्टी असलेल्या प्रौढांवर हा जोडप्रयोग करून पाहिला होता आणि निकाल आशादायक होते, पण तो लहान, प्राथमिक अभ्यास होता. माझ्या मते ठिपक्यांचा सराव हे जेवण आणि प्रवाह ही फार तर फोडणी. घरी एकटीने यंत्र लावायचा मोह मी टाळला. फेफरं येत असेल, डोक्यात धातूचं काही बसवलेलं असेल किंवा पेसमेकर असेल तर या वाटेला जाऊच नये.

मिळालं काय? डावा डोळा तक्त्यावर ६/२४ची ओळ वाचायचा, आता दोन ओळी खालची, बारीक अक्षरांची ६/१२ वाचतो. पण तक्त्यापेक्षा मला मोल वाटतं ते गर्दीतल्या अक्षरांचं. मंददृष्टीत सुटं अक्षर ओळखता येतं, शेजारी दोन अक्षरं आली की तिन्हींचा गोळा होतो. तो गोळा आता बराच सुटला आहे. उजवा डोळा झाकून ठळक छपाईचं पान हळूहळू वाचता येतं, आधी शब्दच हाती लागायचे नाहीत. संध्याकाळच्या उजेडात पायऱ्यांच्या कडा जास्त स्पष्ट दिसतात. वस्तू किती जवळ, किती लांब ही जाण मात्र फारशी आली नाही. त्रिमितीच्या चाचणीत मी अजूनही अंदाजच ठोकते.

एक धोका ठळक अक्षरांत लिहायला हवा. मेंदू ज्या डोळ्याला दाबून ठेवत होता तो जागा झाला की प्रौढांत दोन-दोन दिसायला लागू शकतं. विशेषतः तिरळेपणा असेल तर. मला थकल्यावर काही वेळा क्षणभर दुहेरी दिसलं, तेव्हा सराव थांबवून तपासून घेतलं आणि मगच पुढे गेले. नेत्रतज्ज्ञांनी दोन्ही डोळे एकत्र कसे काम करतात ते पाहिल्याशिवाय हे सुरू करू नका, आणि डाव्या-उजव्यात फरक का आहे याचं कारण आधी पक्कं करा; मोतीबिंदू किंवा दृष्टिपटलाचा आजार असेल तर ठिपके बघून काही साधणार नाही.

सॉफ्टवेअरबद्दल तक्रार एकच, पण मोठी. प्रगतीचा आलेख फक्त त्यांच्याच ठिपक्यांवर काढलेला असतो. त्याच त्या चाचणीत माणूस सरावाने सुधारतोच. म्हणून मी दर काही आठवड्यांनी वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या तक्त्यावर तपासून घेत राहिले. आलेख सुरुवातीला झपाट्याने चढला, तक्ता बऱ्याच उशिराने हलला आणि नंतर दोन्ही एका जागी थांबले. तिथून पुढे रोजचा सराव मी बंद केला. मधे मोठा खंड पडला तरी ओळी टिकल्या, पुसट ठिपके ओळखणं तेवढं थोडं मागे गेलं. म्हणून आता अधूनमधून बसते, झाकण, चष्मा आणि अंधारी खोली घेऊन.