सायकलचा आरसा: साताऱ्याच्या रस्त्यांवर वापरून लिहितेय

गाड्यांच्या रस्त्यावर सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने हँडलला आरसा लावावा असं माझं मत झालंय. का ते सांगते आणि तो कुठे कमी पडतो तेही सांगते, घेणाऱ्याला दोन्ही माहीत असलेलं बरं.

पोवई नाक्याजवळ एका सायकलच्या दुकानात घेतला, नावाजलेल्या ब्रँडचा नाही, किंमत पाचशेच्या आत. हँडलच्या टोकाला प्लॅस्टिकचं बूच असतं ते काढायचं, आरशाचा रबरी खुंटा आत घालायचा आणि एलन कीने (षटकोनी टोकाच्या चावीने) आवळायचा, आवळलं की रबर आतल्या आत फुगतं आणि घट्ट बसतं. माझी ग्रिप टोकाला बंद होती, ब्लेडने तेवढं टोक गोल कापावं लागलं. आपल्याकडे गाड्या उजवीकडून ओव्हरटेक करतात म्हणून आरसा उजव्या टोकाला, ऑनलाइन मागवणार असाल तर डावा की उजवा ते नीट वाचा.

आता फायदा. मागून आवाज आला की आपण मान वळवून उजव्या खांद्यावरून बघतो, मानेबरोबर खांदा जातो, खांद्याबरोबर हँडल, आणि सायकल हातभर उजवीकडे सरकते, म्हणजे जी गाडी ओव्हरटेक करायला आलीय तिच्याच वाटेत. ड्रायव्हरच्या बाजूने बघा, त्याला वाटतं सायकलवाली अचानक मध्ये आली. आरशामुळे मान पुढे राहते, सायकल एका रेषेत राहते, आणि मागचा माणूस अंदाज बांधू शकतो. मला सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते.

वेळेचा हिशोब पण करून बघा. गाडी 60 ने येतेय, आपण 20 ने चाललोय, फरक 40 चा, म्हणजे सेकंदाला 11 मीटर. 50 मीटरवर असताना दिसली तर आपल्या हातात जेमतेम साडेचार सेकंद. त्यात आरसा फुगीर काचेचा, रस्ता जास्त दिसतो पण गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते, म्हणून आरशात लांब दिसली तरी जवळच आहे असं धरून चालायचं. आणि उजवीकडे वळायचं असेल तर आरशात बघून झालं तरी एकदा मागे वळून बघायचं आणि हात दाखवायचा, तिथे आरशाच्या भरवशावर राहू नका.

यवतेश्वरच्या घाटात खरी परीक्षा होते. कासचा फुलांचा सीझन असला की शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याच्या गाड्यांची रांग लागते, आपण चढाला आठ-दहाच्या स्पीडने, आणि सायकल जितकी हळू तितकी जास्त डुलते हे बऱ्याच ड्रायव्हर लोकांना माहीतच नसतं, त्यांना वाटतं हळू चाललीय म्हणजे थोडी जागा पुरे. उलट चढाला जास्त जागा सोडायला पाहिजे. आंधळं वळण आलं आणि आरशात गाडी चिकटलेली दिसली की मी उजवा हात खाली करून तळवा मागे दाखवते, थांबा म्हणून, आणि बहुतेक जण थांबतात बरं का, अगदी वडापवाले (शेअर जीपवाले) पण. पण "जा" असा हात मी कधीच करत नाही, पुढून काय येतंय ते त्याचं त्याने बघूनच जायचं. उभं राहून पॅडल मारताना मात्र सायकल इतकी हलते की आरशात काहीच धड दिसत नाही.

कोरेगाव रस्त्याला उसाच्या दिवसात वेगळीच गोष्ट. ट्रॅक्टरला मागे दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, गाणी एवढ्या मोठ्याने की त्याला मागचं काही ऐकू येत नाही. तो आपल्याला ओव्हरटेक करतो तेव्हा ट्रॅक्टर गेला म्हणजे सुटलो असं नाही, पहिली ट्रॉली, मग दुसरी, आणि वळणावर मागची ट्रॉली पुढच्याच्या रेषेत न जाता आत येते. आरशात ट्रॅक्टर दिसला की मी आधीच साईडपट्टी बघून ठेवते आणि दुसरी ट्रॉली पूर्ण पुढे गेल्याशिवाय परत रस्त्यावर येत नाही.

एक गोष्ट मात्र आरसा करू शकत नाही, जागा सोडणं ड्रायव्हरच्याच हातात आहे. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये 2022 पासून ताशी 30 मैलांपर्यंत सायकलपासून किमान 1.5 मीटर अंतर सांगितलंय, त्यापेक्षा जास्त स्पीडला आणखी. जर्मनीत 2020 पासून गावात 1.5 आणि गावाबाहेर 2 मीटर. 1.5 मीटर म्हणजे साधारण गाडीचं दार पूर्ण उघडलं तरी सायकलला लागणार नाही एवढं, गाडी चालवणाऱ्यांनो एवढा अंदाज डोक्यात ठेवा ना प्लीज. समोरून एसटी येत असेल तर दहा सेकंद मागे थांबा, कट मारून काढू नका, आणि अगदी शेजारी येऊन हॉर्न तर अजिबात वाजवू नका, दचकून हँडल हलतं. वाजवायचाच असेल तर लांबूनच एकदा हलकासा.

बाकी तक्रारी सांगते. रात्री हेडलाइटचे नुसते ठिपके दिसतात, अंतर कळत नाही, त्यामुळे मागचा लाल लाइट लागतोच. पावसात काचेवर थेंब बसतात, दर थोड्या वेळाने बोटाने पुसावे लागतात. आणि सायकल भिंतीला टेकवताना आरसा आधी घासतो. घेताना काचेचाच घ्या, चकचकीत प्लॅस्टिकच्या आरशावर लगेच ओरखडे येतात. सांध्याला आवळायचा स्क्रू आहे का तेही बघा, नुसता हाताने फिरवायचा असतो तो पहिल्याच खड्ड्यात खाली वाकतो आणि मग त्यात मागच्या गाडीऐवजी आपला गुडघा दिसतो.