कार क्लबसाठी माजी रॅली ड्रायव्हरचं व्याख्यान: साताऱ्यातला आमचा अनुभव

एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झाल्यापासून साताऱ्यातल्या आमच्या छोट्या कार क्लबचा हिशेब मी बघतो. दोन-तीन पद्मिनी, एक कॉन्टेसा, जिप्सी, आणि बाकी तरुण पोरांच्या स्विफ्ट-पोलो, असा आमचा संसार. यंदा वर्धापनदिनाला एका माजी रेसिंग आणि रॅली ड्रायव्हरला बोलावलं. मानधन देऊन वक्ता आणायची ही पहिलीच वेळ होती आणि इतर गावांतल्या क्लबवाल्यांचे मला सारखे फोन येतायत, म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. नाव-नंबर जाहीर टाकू नका असं त्यांनी स्वतः सांगितलंय, त्यामुळे इथे नुसतं सर म्हणतो.

आधी पैशाचं. एका इव्हेंट एजन्सीकडे चौकशी केली तर त्यांनी एलईडी पडदा, निवेदक, फोटोसाठी सजावट असं सगळं धरून जो आकडा सांगितला, तो आमच्या वर्षाच्या वर्गणीच्या वर होता. त्यातलं आम्हाला काहीच नको होतं. मग ओळखीतून सरांशी थेट बोलणं झालं. २५ हजार मानधन, पुण्याहून यायचं-जायचं डिझेल आणि एका रात्रीचा मुक्काम, एवढ्यावर ठरलं. त्यांच्या अटी दोनच. बोलणं तासाभराचं, उरलेला वेळ सभासदांच्या गाड्यांपाशी, त्यासाठी मोकळं मैदान हवं. आणि घाटात कसलंही प्रात्यक्षिक करणार नाही, रस्त्यावर तर नाहीच नाही. ही दुसरी अट ऐकली आणि मी अध्यक्षांना म्हटलं, माणूस बरोबर आहे, ॲडव्हान्स पाठवा.

सर आदल्या दिवशी दुपारीच आले. संध्याकाळी आमच्या एका पोराला गाडी चालवायला लावून ते समर्थ मंदिराकडून यवतेश्वरच्या घाटात गेले, अगदी सावकाश, आणि मांडीवर वही घेऊन काहीतरी लिहीत राहिले. कशासाठी ते दुसऱ्या दिवशी कळलं.

हॉलमध्ये सुरुवात त्यांनी जुन्या काळापासून केली. चेन्नईजवळचं शोलावरम, दुसऱ्या महायुद्धातली धावपट्टी, तिच्यावर शर्यती व्हायच्या. मग रेसिंग गाड्या बनवणारे करीवर्धन आणि त्यांच्या फॉर्म्युला मारुती गाड्या. ज्या मारुती ८०० च्या ७९६ सीसी इंजिनात निम्म्या सभागृहाने कधी ना कधी हात घातलाय, तेच इंजिन मागे बसवलेली, एकाच माणसाला बसायची रेसिंग कार, हे ऐकून मागच्या रांगेतले गॅरेजवाले पुढे येऊन बसले. नारायण कार्तिकेयन याच गाड्यांतून पुढे गेला आणि २००५ साली भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर झाला. करीवर्धन ते बघायला नव्हते, १९९५ मध्येच विमान अपघातात गेले. कोइम्बतूरचा ट्रॅक त्यांच्या नावाचा आहे. हे सांगताना सरांचा आवाज बदलला होता. स्वतःच्या ट्रॉफ्यांबद्दल मात्र कोणी विचारलं तेवढंच.

मग त्यांनी ती वही काढली. रॅलीत शेजारी बसणारा सहचालक वळणं वाचून दाखवतो, त्या पेस नोट्स. एक म्हणजे सगळ्यात अवघड वळण, सहा म्हणजे जवळपास सरळ, ही त्यांची पद्धत. सगळ्यांना डोळे मिटायला सांगितले आणि मराठीतच वाचायला लागले: "डावं चार, पन्नास मीटर, उजवं दोन, आत जाऊन आवळतं, बाहेर खडी, कापू नका." दहाएक वळणं झाली असतील नसतील, पुढच्या खुर्चीवरच्या बाई ओरडल्या, "अहो, हा आपला यवतेश्वर!" रोज कासकडे भाडं घेऊन जाणारा आमचा एक सभासद डोळे मिटूनच हाताने स्टिअरिंग फिरवत होता. रोजचा रस्ता आपण किती कमी बघतो, हे मला इतक्या वर्षांत कोणी असं दाखवलं नव्हतं.

खरी वसुली मैदानावर झाली. सर प्रत्येक गाडीच्या टायरपाशी उकिडवे बसायचे आणि साइडवॉलवरचा चार आकड्यांचा शिक्का बोटाने दाखवायचे. आमच्या कॉन्टेसावर २३१४ निघालं, म्हणजे २०१४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातलं टायर. गाडी चालते कमी, त्यामुळे नक्षी नव्यासारखी होती. सरांनी रबरात नख रुतवून बघितलं, रुतेना. मग खोबणीच्या तळाशी केसासारख्या बारीक चिरा दाखवल्या. "नक्षी बघून फसू नका, ओल्या रस्त्यावर हे टायर दगड आहे." मालकाने त्याच आठवड्यात चारही बदलले.

ब्रेक ऑइलवर ते बोलायला लागले तेव्हा मी कान टवकारले, कारण हा माझा विषय. ते हवेतलं पाणी ओढतं. नवं डॉट-३ दर्जाचं ऑइल साधारण २०५ अंशांना उकळतं, पाणी मुरलेलं १४० च्या आसपासच. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की त्यात वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. सगळं अचूक सांगितलं. पुढे म्हणाले, ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा. आमचे पसरणी आणि कुंभार्लीचे जुने ड्रायव्हर हेच सांगत आले. रेसिंगवाल्याच्या तोंडून ते ऐकलं आणि मला मनापासून आनंद झाला.

त्यानंतर ८० च्या वेगाला गाडी एका सेकंदात किती जाते ते त्यांनी पावलांनी मोजून दाखवलं. २२ मीटर, म्हणजे मैदानाच्या जवळपास अर्ध्यापर्यंत ते चालत गेले आणि तिथे शंकू ठेवला. एवढं अंतर तर नुसतं पाय ब्रेकवर जाईपर्यंतच जातं. पुढे थांबायचं अंतर वेगळं, आणि वेग दुप्पट तर ते चौपट. मग एबीएसच्या, म्हणजे ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा असलेल्या गाड्यांना कमी वेगात पूर्ण ब्रेक मारायला लावला. पेडल पायाखाली थडथडलं की बहुतेकांनी पाय उचलला. काही बिघडलं असंच वाटतं. "थडथडू दे, पाय काढायचा नाही," असं सर खिडकीत वाकून एकेकाला सांगत होते. सगळ्यांना हे जमेपर्यंत ऊन डोक्यावर आलं, पण त्यांनी कोणाला घाईने पुढे ढकललं नाही.

खंबाटकीच्या बोगद्यानंतरच्या एस वळणाचा प्रश्न येणारच होता. उतारावर गाडीचं वजन आधीच पुढच्या चाकांवर असतं, पहिल्या वळणात ते एका बाजूला जातं आणि दुसऱ्यात झटक्याने उलटीकडे येतं, त्या क्षणी ब्रेक मारला तर मागची चाकं सुटतात. वेग काढायचा तो बोगद्यातून बाहेर पडून सरळ असतानाच. हे त्यांनी पाण्याने अर्धी भरलेली बाटली आडवी धरून, डावी-उजवीकडे हलवून समजावलं. पोरांच्या लक्षात राहिलं ते त्यामुळे.

आता न पटलेलं. डाव्या पायाने ब्रेक मारायचं रॅलीतलं तंत्र त्यांनी विशीतल्या पोरांसमोर तपशिलात सांगितलं. क्लचची सवय लागलेला डावा पाय ब्रेकवर गेला की गाडी जागीच गचकन थांबते, मागचा येऊन आदळतो. रस्त्यावर करू नका असं ते म्हणाले खरे, पण आमच्यासारख्या मिश्र गर्दीत तो विषय नकोच होता. दुसरं, पडद्यावरचे जुने फोटो फार झाले आणि बायकांच्या रांगेतून आलेले दोन प्रश्न त्या नादात मागे पडले. जिप्सी चालवणाऱ्या आमच्या एका मॅडमनी नंतर गाठून विचारलं, तेव्हा मात्र सरांनी त्यांना सीटवर बसवून नीट दाखवलं: पाठ सीटला टेकलेली असताना मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर आलं पाहिजे आणि क्लच पूर्ण दाबूनही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. मॅडम इतकी वर्षं सीट हातभर मागे ठेवून चालवत होत्या. हे खरं तर हॉलमध्ये सगळ्यांसमोर व्हायला हवं होतं.

आमच्या मते पैसे पुरेपूर वसूल झाले, आणि पुढच्या वर्षीही त्यांनाच बोलवा असा ठराव झालाय. ज्यांना बोलवायचं असेल त्यांनी चाळिसाच्या वर माणसं घेऊ नका, नाहीतर गाडीपाशी वेळ पुरत नाही. मैदानाच्या मालकाची लेखी परवानगी काढा. शाल-श्रीफळ दोन मिनिटांत उरका, त्यांनाही तेच आवडतं. त्यांचा नंबर मला व्यक्तिशः मेसेज करून मागा, विचारून देतो. आणि जमलं तर एप्रिल-मेमध्ये ठेवा. टायर आणि ब्रेक ऑइलचं जे काही निघेल, ते पावसाच्या आधी करून घेता येतं.