पळसखेडच्या वाटेवरचा मुक्काम

कवी ना. धों. महानोरांचं गाव पाहायचंच, म्हणून ऑक्टोबरात आईला घेऊन जालन्याहून निघाले. सोयगाव तालुक्यातल्या एका शेतघरात दोन रात्री राहिलो. घर माळवदाचं. लाकडी खांब, वर पांढऱ्या मातीचा जाड थर. बाहेर ऊन रणरणत होतं तरी आत गारवा. आईनं खांबावरून हात फिरवला आणि बराच वेळ बोललीच नाही. तिचं माहेर असंच होतं, पाडलं.

सकाळी घरच्या मावशींनी टोपलंभर सीताफळं पुढ्यात ठेवली. महानोरांनी आपल्या शेतातल्या सीताफळाला लता मंगेशकरांचं नाव दिलं, 'लताफळ', हे त्या किती मायेनं सांगत होत्या! १९४२ साली पळसखेडला जन्मलेले, १९९१ साली पद्मश्री मिळालेले महानोर अखेरपर्यंत या मातीचेच राहिले. पाणी अडवा, असं नुसतं बोलले नाहीत. स्वतःच्या रानात करून दाखवलं. बांधावर बसलं की त्यांच्या कवितेतली पाखरं समोर उतरतात.

जेवण ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. उत्तम.

एकच खुपलं: मागच्या दोन खोल्यांवर पत्रे आलेत. माळवदाला माती घालणारी माणसं आता मिळत नाहीत, मावशी म्हणाल्या. जाल तेव्हा पुढची, माळवदाखालचीच खोली मागून घ्या.