नागासाकीचे ग्लोव्हर गार्डन: टेकडीवरची व्यापारी घरे

मराठवाड्यातून जपानला जाणाऱ्यांनी टोकियो-क्योतोवरच न थांबता नागासाकीच्या मिनामियामाते टेकडीवरील ग्लोव्हर गार्डन, म्हणजे परदेशी व्यापाऱ्यांच्या जुन्या घरांचे खुले संग्रहालय, आवर्जून पाहावे. स्कॉटिश व्यापारी थॉमस ग्लोव्हर यांचे १८६३ साली बांधलेले निवासस्थान हे जपानमध्ये टिकून राहिलेले पाश्चात्त्य धाटणीचे सर्वांत जुने लाकडी घर असून २०१५ साली त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. मालक परदेशी असला तरी बांधणारे कारागीर जपानी होते, त्यामुळे छतावर जपानी कौले आणि त्याखाली, व्हरांड्याच्या खांबांमध्ये, लाकडी जाळीच्या नाजूक कमानी दिसतात. पैठणच्या जुन्या वाड्यातील ओसरीसारखाच हा व्हरांडा बसायला लावतो, आणि समोर सारे बंदर उलगडते. येथील दुसरे परदेशी व्यापारी ऑल्ट यांच्या घराचे दगडी खांबही भारदस्त आहेत. शहराच्या इतर भागांतून येथे हलवलेल्या इमारतींचा मात्र माझ्या मनावर तितका ठसा उमटला नाही. चढासाठी सरकते जिने व पट्टे असल्याने सासूबाईंना फारसा त्रास झाला नाही. तरीही घरांदरम्यान पायऱ्या आहेतच, म्हणून ज्येष्ठांसोबत असाल तर आधी थेट माथ्यावर जाऊन मग सावकाश खाली उतरत यावे.