जुनं आणलंय का? सांगलीतल्या कप्लरवाल्या काकांच्या दुकानाबद्दल

गाडीत रिव्हर्स कॅमेरा, डॅशकॅम आणि फॉगलॅम्प बसवायला जेवढे पैसे घातले त्यात सगळ्यात स्वस्त वस्तू होती कप्लर, म्हणजे वायरी एकमेकींना जोडायचा प्लास्टिकचा जोड, आणि सगळ्यात जास्त डोकं पण त्यानंच खाल्लं. म्हणून हा रिव्ह्यू कॅमेऱ्याचा नाही, फॉगलॅम्पचा पण नाही, शंभर फुटी रोडच्या बाजूला एका बोळात असलेल्या दुकानाचा आहे. बोर्डवर ऑटो इलेक्ट्रिकल्स एवढंच वाचता येतंय, वरचं नाव उन्हानं उडालंय. आसपासच्या गॅरेजवाल्यांना कप्लरवाले काका म्हणून विचारा, हात करून दाखवतील.

आधी मागचं सांगतो. गाडी जुनी वॅगनआर. उन्हाळ्यात एका ॲक्सेसरीजच्या दुकानातनं कॅमेरा बसवून घेतला, नाव घेत नाही. तिथल्या पोरानं रिव्हर्स लाइटची कंपनीची वायर ब्लेडनं सोलली, कॅमेऱ्याची वायर तिच्यावर गुंडाळली, वरनं काळी टेप, वीस मिनिटांत काम खल्लास. मी पण खूश. पहिला पाऊस झाला आणि रिव्हर्स टाकला की कधी चित्र येतंय तर कधी नुसती निळी स्क्रीन, शेवटी डिकीचं ट्रिम उचकटून बघितलं तर टेपचा गोंद वितळून चिकचिक झालेली आणि आतलं तांबं हिरवं पडलेलं.

मग मी ऑनलाइन शहाणपणा केला. ६ पिनचे वॉटरप्रूफ कप्लर, पाच जोड्या, फोटोत डिट्टो आपल्यासारखे. आले, एकमेकांत मस्त बसतात, गाडीच्या कप्लरात मात्र काही केल्या जाईनात. नुसत्या पिना मोजून कप्लर मिळत नसतो हे तेव्हा कळलं. पिनेची पात २.८ मिलिमीटरची का ६.३ ची, खाच कुठल्या अंगाला, लॉक वर का खाली, एक जरी चुकलं तरी बसत नाही, आणि ते मुद्दामच तसं केलेलं असतं, भलतीकडं भलतं लागू नये म्हणून.

तर काकांकडं गेलो आणि म्हटलं सहा पिनचा कप्लर द्या.

"जुनं आणलंय का?"

"नाही, फोटो आहे."

"फोटूत पिना मोजता येत्यात ओ, पात कशी मोजू?"

परत पाठवलं राव. माधवनगरवरनं भर उन्हात आलेलो, चिडलो. पण दुसऱ्या दिवशी गाडीचा तो कप्लर वीतभर वायरीसकट घेऊन गेलो तर काकांनी व्हर्नियर (बारीक मापं घ्यायची पट्टी) लावला, भिंगातनं आत बघितलं आणि मागच्या फळीवरचा बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला. पहिल्याच डब्यात जोडी सापडली, खट्कन बसली. तो खट् आवाज ऐकायला मी तीन आठवडे फिरत होतो!

दुकान म्हणजे दहा बाय बाराची खोली असेल, पण माल बघा. भडंगाच्या रिकाम्या बरण्यांत पिना, मेल वेगळ्या फिमेल वेगळ्या. वॉटरप्रूफ कप्लरची रबरी सीलं वेगळी, ती वायरीच्या जाडीप्रमाणं घ्यायची असतात हे मला इथं कळलं. एका पोत्यात भंगारातल्या गाड्यांचे ओरिजिनल कप्लर, वायर ठेवून कापलेले. जुन्या मॉडेलचं नवं मिळेना झालं की हेच कामाला येतात. कंपनीची वायर न कापता स्टिरिओ बदलायचा असेल तर कप्लर टू कप्लर अडॅप्टर पण ठेवतात. वॉरंटीतली गाडी असेल तर तोच घ्या, कापलेली वायर दिसली की सर्व्हिस सेंटरवाले पहिलं बोट तिथंच ठेवतात.

आणि काका माल विकायच्या आधी हिशोब घालतात. फॉगलॅम्प ५५ वॅटचे दोन, म्हणजे ११० वॅट, भागिले १२ व्होल्ट, नऊ अँपिअरच्या वर करंट. मी म्हटलं स्विचवरनंच देतो की डायरेक्ट, तर म्हणाले स्विच वितळवायचाय का. मग रिले, सॉकेटसकट, म्हणजे स्विचच्या थोड्याशा करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारी डबी. तिच्या पिनांवर नंबर असतात, ३० ला बॅटरी, ८७ वरनं लाइट, ८६ ला स्विच, ८५ अर्थ, आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीजवळच, दिव्याजवळ नाही, कारण मधे वायर घासली तर फ्यूजच्या अलीकडचा, बॅटरीकडचा तुकडा वाचवायला कोण नसतंय. वायर अडीच स्क्वेअर मिलिमीटरची घ्यायला लावली. थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायची टोपी) पण निळं दिलं, लाल दीडपर्यंतच्या वायरीला असतंय म्हणे. मी आजवर रंग आवडीनं घ्यायचो.

डॅशकॅमसाठी मी ते वायरीवर दाबून बसवायचे टॅप मागितले, तर काकांनी तोंडच वाकडं केलं. त्यातलं पातं वायरीच्या दोनचार तारा तोडतं आणि जखम उघडी राहते, मग पावसाळ्यात तेच हिरवं प्रकरण. त्याऐवजी फ्यूज टॅप दिला, तो फ्यूजच्या जागी बसतो आणि वायर न कापता तिथनंच वेगळी लाइन निघते, पण आधी गाडीचा फ्यूज काढून आणायला लावला. मिनी, लो प्रोफाइल मिनी, मायक्रो टू, सगळे भाऊ-भाऊ दिसतात. वर दम पण दिला, पिवळ्या कप्लरला हात लावायचा नाही, एअरबॅगचा असतोय.

हिरव्या तांब्यावरनं विषय पुरावर गेला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा पाण्यात बसलेल्या गाड्यांच्या पिना काकांनी एका बरणीत ठेवल्यात, मोरचूद भरल्यासारखी दिसते ती बरणी. इंजिन धुऊन चालू झालं, सीटा वाळल्या, आणि दोन-तीन महिन्यांनी एकेक गाडी वायरिंगसाठी परत यायला लागली. गिऱ्हाईक टेप लावा म्हणालं की काका काही न बोलता ती बरणी पुढं सरकवतात.

आता खटकलेलं. बिल मिळत नाही, मागितलं तर कागदाच्या चिठोऱ्यावर आकडे लिहून देतात. भावाचं पण ठिकाण नाही, तीच रिले मला एकदा १२० ला आणि मित्राला १५० ला. ओरिजिनल कुठलं आणि कॉपी कुठलं हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत, विचारलं तर मात्र खरं सांगतात, कॉपीचं प्लास्टिक इंजिनजवळ कडक होऊन लॉक तुटतंय असं स्वतःच म्हणाले. क्रिंपिंगचा, म्हणजे पिना वायरीवर दाबून बसवायचा रॅचेट पक्कड विकायला नाही, पण तिथंच पिना दाबून देतात, पिनेला १० रुपये, आणि हे पैसे वाचवू नका. पिनेला दोन पंख असतात, एक तांब्याला धरतो, दुसरा वरच्या रबराला. घरच्या साध्या पकडीनं दोन्ही एकात चेचले जातात, मी सहा पिना वाया घालवून बघितलंय. नुसतं सोल्डर करून पण भागत नाही, सोल्डर जिथं संपतं तिथं वायर कडक होते आणि धक्क्यानं तिथंच तुटते.

पार्किंगचं नाव नको, गाडी मेन रोडला लावून चालत जा. दुपारी दीड ते चार शटर खाली. सकाळी अकराच्या आत गेलात तर काका निवांत असतात, नंतर गॅरेजची पोरं येतात आणि आपला नंबर चारदा मागं जातो.

कॅमेरा तीन महिने झाले चालू आहे, मधे धो धो पाऊस पण होऊन गेला. परवा हॉर्नचा कप्लर आणायला फोन केला, सगळं नीट सांगितलं, मॉडेल, साल, दोन पिनचा. पलीकडनं एकच प्रश्न आला. चाललोय आता बंपर खोलायला.