कोविड१९इंडिया डॉट ऑर्ग : एका डबेवालीचा अभिप्राय (५ पैकी ४ तारे)

कोविडचे रोजचे आकडे दाखवणाऱ्या, आता बंद झालेल्या वेबसाइटला कोणी तारे देतं का, असं म्हणून भाची हसली. हसू दे. मी ही साइट वर्षभराहून जास्त रोज उघडली, तीही भीतीपोटी नाही, भाजी किती आणायची ते ठरवायला.

नागपुरात प्रतापनगरला माझे घरगुती डबे आहेत. २०२० च्या आधी गिऱ्हाईक म्हणजे बाहेरगावची पोरं, कोचिंगवाली नाहीतर नव्या नोकरीची. त्या वर्षी ११ मार्चला नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण सापडला, दोन आठवड्यांत लॉकडाऊन लागला, पोरं गावी गेली आणि माझे स्टीलचे डबे माळ्यावर. ऑगस्टपासून मात्र वेगळेच फोन यायला लागले. "काकू, घरी तिघंही पॉझिटिव्ह आहोत, पथ्याचं द्याल का?" वरण-भात, फुलके, लौकी किंवा दोडका, तिखट जवळजवळ नाही. स्टील परत घेता येत नव्हतं, म्हणून झाकणाचे प्लास्टिकचे डबे. पुतण्या स्कूटरवर जाऊन गेटला पिशवी अडकवायचा, घंटी वाजवायचा आणि मागे व्हायचा.

अडचण एकच. उद्या डबे किती लागणार? भाजीचं कॉटन मार्केट बंद, ठेल्यावाला सकाळी सातला एकदाच यायचा. तेव्हा घेतलं ते घेतलं. भाचीने फोनवर ही साइट लावून दिली. महाराष्ट्रावर बोट ठेवायचं, खाली जिल्ह्यांची यादी, त्यात नागपूर. लाल म्हणजे एकूण बाधित, निळा म्हणजे सध्याचे, हिरवा बरे झालेले, करडा गेलेले. जाहिरात एक नाही, "इथे दाबा" नाही. हे सगळं स्वयंसेवक मंडळी चालवतात हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी सरकारी समजूनच पाहत होते आणि सरकारी असून इतकं नेटकं कसं, हे नवल करत होते.

किराण्याच्या वहीत मी समासात रोजचा नागपूरचा आकडा लिहायला लागले आणि बाजूला माझे डबे. महिन्याभराने दोन गोष्टी दिसल्या. पहिली, सोमवार-मंगळवारचा आकडा खोटा वाटावा इतका कमी. रविवारी चाचण्याच कमी होतात, मग रिपोर्ट कुठून येणार? पण सोमवारी माझे फोन काही कमी होत नव्हते. दुसरी गोष्ट मजेची. माझे डबे आकड्याच्या पुढे चालत होते. माणसाला मोबाइलवर रिपोर्ट येतो, तो घरच्यांना सांगतो, दुसरा फोन मला. त्याची नोंद लॅबमधून पोर्टलवर, तिथून राज्याच्या यादीत, तिथून साइटवर जाईस्तोवर माझा वरण-भात पोहोचून दोन दिवस झालेले असायचे. २०२१ च्या मार्चात आपल्याकडे १५ ते २१ कडक लॉकडाऊन लागला, त्याच्या आठवडाभर आधीच माझे डबे २२ वरून ५१ वर गेले होते. पुतण्या म्हणाला, "काकू, तुमची वहीच कलेक्टर ऑफिसला पाठवा."

आता एक तारा का कापला ते सांगते. साइटवर नागपूर म्हणजे अख्खा जिल्हा. राज्याच्या यादीत "नागपूर" आणि "नागपूर मनपा" अशा दोन वेगळ्या ओळी असायच्या. साइटवर त्यांची एक व्हायची. एप्रिलमध्ये दिवसाचा आकडा सात हजारांच्या पुढे गेला तेव्हा मी घाबरून १४ लौक्या आणल्या. त्या आकड्यातले बरेचसे काटोल, सावनेर, हिंगण्याकडचे. तिथे माझी स्कूटर जाते थोडीच! आणि इकडे माझी क्षमता ८० डब्यांची, त्यापुढे फोन आले तरी मी "नाही जी, जमणार नाही" म्हणत होते. तीन दिवस घरात लौकीचे कोफ्ते. नवरा अजून लौकीकडे पाहत नाही.

शहराचं खरं चित्र संध्याकाळच्या व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जिल्ह्याच्या तक्त्यात मिळायचं. शहर, ग्रामीण, आणि तिसरा रकाना "जिल्ह्याबाहेरील". वर चाचण्यांचे लॅबनिहाय आकडे, मेयो, मेडिकल, एम्स ही सरकारी रुग्णालयं, नीरी, माफसु या संस्था, आणि खासगी. फोटो तिरपा, अक्षरं पुसट, कधी रात्री दहाला यायचा. पण आपला होता.

तो "जिल्ह्याबाहेरील" रकाना मला समजला तो मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कुटुंबामुळे. म्हातारे वडील इथल्या एका खासगी दवाखान्यात, मुलगा आणि सून जवळच्या लॉजवर. रोज दोन डबे, अकरा दिवस. हिंदीत बोलायचे, पैसे रोजच्या रोज पाठवायचे. बाराव्या दिवशी सकाळी सूनबाईंचा मेसेज आला, आजपासून डबा नको. मी कारण विचारलं नाही. त्या संध्याकाळी तक्ता आला तेव्हा "जिल्ह्याबाहेरील" खाली मृत्यूंचा आकडा होता, त्यात ते एक असतील असं धरून मी चालले. साइटवर शोधलं. महाराष्ट्राच्या यादीत अगदी खाली "इतर राज्य" अशी एक ओळ होती, तिचा आकडा महिनोन् महिने तसाच. नागपूरच्या ओळीत ते नव्हते. बालाघाटच्या ओळीत गेले की कुठे, कोण जाणे. भंडारा, चंद्रपूर, छिंदवाडा, सगळीकडून माणसं उपचाराला इथे यायची. आमच्या घाटांवर ज्या चिता जळत होत्या, त्या एका ओळीत बसणाऱ्या नव्हत्या.

एका बाबतीत मात्र साइटला मानते. राज्याने जुन्या नोंदी जुळवल्या की आकडा एकदम उडायचा, २०२१ च्या जूनमध्ये तर मागचे कितीतरी मृत्यू नव्या तारखेत चढले. वर्तमानपत्राचा मथळा वाचून शेजारचे देशपांडे काका म्हणाले, परत लाट आली वाटतं. साइटवर राज्याच्या पानावर बारीक टीप असायची की आजच्या मृत्यूंपैकी इतके जुने आहेत, किंवा दुबार नावं काढली, पत्ते बदलले. मी काकांना फोन दाखवला. चष्मा काढून, फोन नाकाजवळ नेऊन त्यांनी ती टीप दोनदा वाचली आणि म्हणाले, "हे असं लिहिलं असतं तर बरं झालं असतं ना!" कोणाला म्हणाले, माहीत नाही.

३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी आकडे भरणं थांबवलं, आधी सांगून. तेव्हा नागपूरचे रोजचे नवे रुग्ण एकेरी आकड्यात होते, माझे पथ्याचे डबे शून्य, पोरं परत यायला लागली होती, तर्री मागत होती. जानेवारीत पहाटे पावणेसातला फोन आला, "काकू, पथ्याचं सुरू आहे का?" ठेलेवाला खाली उभा. सवयीने बोट तिथेच गेलं. नागपूरच्या पुढे ऑक्टोबरचा आकडा. मी सहा लौक्या घेतल्या, आणि जरा थांबून दोन आणखी.